महाराणी चिमणाबाईंचे उद्योगालय
बडोद्याच्या उभारणीचा विषय निघाला की महाराज सयाजीरावांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पत्नी, दुसऱ्या चिमणाबाई, यांनी १९१४ साली स्थापिलेले स्त्री उद्योगालयही विसरता कामा नये. त्या काळी निराधार विधवेला बहुधा आप्तांच्या घरी राबून पोट भरण्यावाचून गत्यंतर नसे. नुसती मदत दिली असती, तर तिचे चार दिवस भागले असते. उद्योगालयाने तिच्या हाती शिवणकाम-भरतकामासारखे कसब दिले. पुढे जानेवारी १९२७ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या सुधारणेसाठी पुण्यास पहिली अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद चिमणाबाईंनीच भूषविले. दिलेला पैसा खर्च होतो; शिकविलेले काम मात्र घर चालविते, आणि अशा घरांनीच शहर उभे राहते.