चाकाआधीची ताटली

मातीकाम शिकायला येणारे बहुतेक जण आल्याआल्या चाकाकडे बघतात. ओल्या हातांतून मडके वर येताना पाहिले की कोणालाही मोह होतो. पण चाकावर माती मधोमध बसवायलाच आठवडे जातात, आणि तेवढ्यात नवखा हिरमुसतो. म्हणून पहिला धडा लाटलेल्या मातीच्या नक्षीदार ताटलीचा असावा, असे माझे ठाम मत आहे.

तिला दुय्यम समजू नये. बलुचिस्तानातल्या मेहरगढची सुरुवातीची भांडी मातीचे थापलेले तुकडे जोडून घडवलेली आहेत. चाक तिथे नंतर आले. मणिपूरमधल्या लोंगपीचे तांखुल नागा कारागीर सर्पेंटाइन दगडाची पूड मातीत मळून आजही चाकाशिवाय काळी भांडी घडवतात. कच्छमधल्या खावड्याला चाक पुरुषाच्या हाती आणि रंगकाम बाईच्या, अशी परंपरेची वाटणी आहे. लाटण्याला अशी वाटणी माहीत नाही.

माती आधी चांगली मळून घ्यायची. मग जाड सुती कापडावर गोळा ठेवून दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणे त्या पट्ट्यांवरून फिरवायचे. जाडी आपोआप सारखी येते. मधूनमधून माती उलटून दुसऱ्या अंगानेही लाटायची, नाहीतर ताटली वाळताना वाकडी होते. आता अळूचे पान घ्या. त्याच्या पाठीच्या शिरा उठून आलेल्या असतात, म्हणून पाठ मातीवर ठेवून वरून हलके लाटणे फिरवायचे. पान उचलले की देठापासून कडेपर्यंतची शीर न् शीर मातीत उमटलेली दिसते. मुले इथे हमखास ओरडतात, आणि शिक्षकाने त्यांना ओरडू द्यावे.

त्यानंतर कडा कापून ओल्या बोटाने गोल करायची आणि कापड अंथरलेल्या उथळ भांड्यात माती अलगद बसवायची. शिकवण्याचा खरा कस लागतो तो यापुढे, वाळवण्यात. कडा आधी सुकते आणि आकसते. मधला भाग ओलाच असतो. या ओढाताणीत ताटलीला तडा जातो. म्हणून कडेवर प्लास्टिक झाकायचे, ताटली सावलीत ठेवायची, रोज हात लावून पाहायचे. खडखडीत वाळलेली माती गालाला गार लागत नाही. गार लागली तर आत पाणी आहे. असे भांडे घाईने भट्टीत घातले, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. पुष्कळ वर्गांत याचा दोष हवेच्या बुडबुड्यांवर ढकलला जातो, पण खरा अपराधी बहुधा ओलावाच असतो.

भट्टीचा ताव सुरुवातीला सावकाश चढवतात. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक एकाएकी फुगतात आणि थंड होताना तिथेच पुन्हा आकसतात, त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिथे घाई नको. पहिली भाजणी साधारण १,००० अंशांच्या आसपास होते. भाजलेल्या ताटलीवर लोहाच्या ऑक्साइडचे पाणी लावून ओल्या स्पंजने पुसले, की रंग खोलगट शिरांमध्येच राहतो. त्यावर पारदर्शक झिलई देऊन दुसरी भाजणी करतात.

शाळांनी दोन गोष्टींत मुळीच ढिलाई करू नये. सुक्या मातीची धूळ केरसुणीने झाडायची नाही, टेबले आणि फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. आणि झिलई शिसेविरहितच हवी. चिंच, लिंबू, दही अशा आंबट पदार्थांत झिलईतले शिसे उतरू शकते. मुले ही ताटली शोभेची म्हणून घरी नेतात खरी, पण आजी तिच्यात लोणच्याची फोड वाढणारच.