उणिवेवरून पटणारी ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक जिवाणू गोल, दंडाकार किंवा वळणदार एवढेच दिसतात आणि इतक्या तुटपुंज्या खुणांवरून जाती ठरत नाहीत, म्हणून जिवाणुशास्त्राने त्यांच्या पोषणाकडे लक्ष वळवले. कार्बन डायऑक्साइडपासून शरीरद्रव्ये घडवणारे स्वयंपोषी आणि तयार सेंद्रिय पदार्थांवर जगणारे परपोषी ही ढोबळ विभागणी रोगनिदानात मात्र फारशी कामाची नाही, कारण रोगकारक जिवाणू जवळजवळ सारेच परपोषी असतात. तेथे विचारावे लागते ते हे, की वाढीसाठी लागणारे कोणते द्रव्य या जिवाणूला स्वतः बनवता येत नाही.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे याचे नमुनेदार उदाहरण होय. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये या जिवाणूला फ्लूचे कारण ठरवले. पुढे १९३३ मध्ये मानवी फ्लूचा विषाणू वेगळा करण्यात आला, तरी जिवाणूचे चुकीचे नाव कायम राहिले. त्याला दोन वाढघटक बाहेरून मिळावे लागतात : हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त हेमिन, म्हणजे एक्स घटक, आणि पेशीतील ऊर्जाक्रियांना आवश्यक असलेले एनएडी हे सहविकर, म्हणजे व्ही घटक. रक्तात दोन्ही असूनही मेंढीच्या रक्ताच्या माध्यमावर तो नीट वाढत नाही, कारण व्ही घटक तांबड्या पेशींत अडकलेला असतो आणि जो सुटतो तो रक्तातीलच विकरे नष्ट करतात. रक्त तापवले की पेशी फुटतात व ती विकरेही निकामी होतात. अशा तपकिरी माध्यमाला चॉकलेट आगर म्हणतात, जरी चॉकलेटचा त्यात अंशही नसतो. न तापवलेल्या रक्तावर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची रेघ ओढल्यास तिच्यालगत व्ही घटक उपलब्ध होतो आणि हिमोफिलसच्या बारीक वसाहती तेवढ्याच पट्ट्यात उगवतात.

ओळख पटवताना दोन्ही घटक नसलेल्या माध्यमावर त्यांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. दोन्ही लागले तर तो बहुधा इन्फ्लुएन्झी, केवळ व्ही लागला तर पॅराइन्फ्लुएन्झी. येथे 'बहुधा' हा शब्द सोडून चालत नाही, कारण हिमोलिटिकस या जवळच्या जातीलाही दोन्ही घटक लागतात. शिवाय रक्ताच्या माध्यमावरून जिवाणू उचलताना हेमिनचा अंश सोबत आला, तर एक्स घटकाची गरजच नसल्याचा भास होतो. या कारणाने पोर्फिरिन चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते : हेमिन घडवण्याच्या मार्गावरील एक आरंभीचे द्रव्य देऊन जिवाणू त्यापासून पोर्फिरिन बनवतो का, हे अतिनील प्रकाशातील लाल चमकेवरून पाहिले जाते आणि इन्फ्लुएन्झीला ते साधत नाही.

स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जनुकसंच सर्वप्रथम, १९९५ मध्ये, वाचला गेला तो हाच जिवाणू, आणि त्या जनुकसंचाची लांबी सुमारे १८ लाख ३० हजार बेसजोड्या भरली.