भुईचाफ्याचे दिवस

काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्याचे बर्फ वितळले, की थोड्याच आठवड्यांत तेथील कबरस्तानांतून आयरिसची पांढरी आणि जांभळी फुले उमलतात. मोजके दिवस ती राहतात. मग त्यांच्या जागी तलवारीसारख्या पानांवाचून दुसरे काही दिसत नाही. रायपूरसारख्या उष्ण प्रदेशात त्या फुलांची हौस धरणे व्यर्थ होय, कारण त्यांना हवी असलेली कडक थंडी येथे पडत नाही. पण म्हणून आपल्या अंगणाला वसंतातील असा क्षणिक सोहळा लाभतच नाही, असे समजू नये. भुईचाफा हे आपल्या मातीतले तसेच फूल आहे. त्याची ओळख मला जरा उशिरा, आणि माझ्याच चुकीमुळे झाली.

शंकर नगरातील सरकारी घरात मी राहावयास आलो, तो पौष महिना होता. घरामागे, पेरूच्या सावलीत, विटा तिरप्या रोवून आखलेला एक वाफा होता. त्यात गवताचे पातेही नव्हते. जागा वाया जाते आहे असे वाटून मी तो खणवला आणि तेथे मेथी पेरली. खणताना काही गड्डे निघाले. ते कसले, याची चौकशी न करता मी ते फेकून दिले. मेथी खाऊन संपली, चैत्र उजाडला, आणि एका सकाळी त्या कोरड्या मातीवर दोन फुले दिसली. जवळ पान नाही, फांदी नाही. कोणी खुडून भुईवर ठेवावीत, तशी ती उमललेली होती. आई तेव्हा आमच्याकडे होती. ती म्हणाली, “अरे, हा तर भुईचाफा! बाकीचा कुठे आहे?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नावात चाफा असला, तरी ही वनस्पती चाफ्याच्या कुळातील नव्हे. ती आले आणि हळद यांची नातलग. संस्कृतात तिला भूमिचंपक म्हणतात. लिनीअसने १७५३ साली तिला कॅम्फेरिया रोटुंडा हे शास्त्रीय नाव दिले, ते जपानपर्यंत प्रवास केलेल्या एंगलबर्ट कॅम्फर या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. फूल पांढरे, सुगंधी. त्याचा दुभंगलेला ओठ जांभळा. गंमत अशी, की ज्या मोठ्या भागांना आपण पाकळ्या समजतो, ते वस्तुतः परागांचे काम सोडून रूप पालटलेले पुंकेसर होत.

एक फूल जेमतेम एक दिवस टिकते. गड्ड्यातून ती एकामागून एक येतात, म्हणून सोहळा काही दिवस लांबतो, इतकेच. फुले सरल्यावर पाने वर येतात. ती वरून हिरवी व रुपेरी छटांची, खालून जांभळट असतात. सारा पावसाळा ही पाने अन्न तयार करतात आणि ते जमिनीखाली साठत जाते. थंडी सुरू झाली की पाने पिवळी पडून गळतात व गड्डा झोपी जातो. पुढील चैत्रातील फूल उमलते, ते या गेल्या पावसाळ्यातील शिलकीवर. सरकारी नोकरास भविष्यनिर्वाह निधीचे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. भुईचाफ्याचा व्यवहार त्याच तत्त्वावर चालतो.

लागवडीची सारी पथ्ये यातूनच निघतात. पाने असतील तोवर ती कापू नयेत. वाळली तरी आपोआप गळू द्यावीत. पाने गेल्यावर पाणी बंद करावे, कारण झोपलेला गड्डा ओलीत कुजतो. गड्डे विभागून लावावयाचे, तर ते या विश्रांतीच्या अखेरीस, नवे कोंब फुटण्यापूर्वी. तीन-चार बोटे खोल आणि वीतभर अंतरावर. विरळ सावली त्यांना मानवते. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला जातीवार नावे देतो, ती येथे उपयोगी पडतात. काळी, चिकण कन्हार पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून वाफा उंच करावा. मुरमाड भाठा जमिनीत ओल राहत नाही. तेथे खत अधिक घालावे. पिवळसर मटासीत मात्र थोड्या खतावर काम भागते.

ही कामे अवघड नाहीत. अवघड आहे, ते रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीला हात न लावणे. आमच्या भागात अंगणे एकामागून एक फरशीखाली जात आहेत. झाडणे सोपे होते, चिखल होत नाही, हे खरे. पण भुईचाफ्याला वर यावयास उघडी भुई लागते. जी जागा तीन-चार महिने ओसाड दिसते, तिची बाजू घेऊन बोलणारे कोणी नसते. मी स्वतःही तेव्हा बोललो नव्हतो.

वाचलेल्या दोन गड्ड्यांचा आज पुन्हा वाफा झाला आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ व पन्हे घेऊन झाले, की घरामागे जाऊन तो पाहतात. फूल कोणी खुडत नाही. माझी बदली आज ना उद्या होणारच. माझ्या आधी येथे राहून गेलेल्या गृहस्थांनी विटा रोवल्या होत्या, पण मला त्यांची भाषा कळली नाही. म्हणून मी वाफ्यात एक पाटी उभी केली आहे. तीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘येथे भुईचाफा आहे. चैत्रापर्यंत थांबावे.’