उंबरठ्यावरचा काळ

डोक्यावर पाणी ओतले की मनुष्य ख्रिस्ती झाला, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. तान्ह्या बालकाचा बाप्तिस्मा एका दिवसात होतो, हे खरे. परंतु एखादा प्रौढ मनुष्य कॅथलिक होऊ इच्छितो, तेव्हा चर्च त्याला प्रथम थांबावयास सांगते.

ही रीत जुनीच आहे. संत ऑगस्टिन बालपणीच दीक्षार्थी म्हणून नोंदला गेला होता. तथापि अनेक शंकांतून आणि मोहांतून वाट काढीत, मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला तो इ. स. ३८७ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढे बालबाप्तिस्मा रूढ होऊन ही रीत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली तिचे पुनरुज्जीवन करण्याचे ठरविले, आणि १९७२ साली तिचा विधी प्रसिद्ध झाला.

या वाटेवर चार टप्पे आहेत. पहिला जिज्ञासेचा : यात प्रश्न विचारावेत, कसलेही बंधन नाही. मग विधिपूर्वक स्वीकार होऊन दीक्षार्थी शिकू लागतो. बायबल, प्रार्थना आणि आचरण यांचा हा अभ्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षे चालतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी, साधारणतः बिशपांच्या उपस्थितीत, त्याची निवड होते. त्यानंतरचे आठवडे आत्मपरीक्षणाचे. ईस्टरच्या जागरणरात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तीन संस्कार त्याला एकत्र मिळतात. शेवटचा टप्पा त्यानंतरचा : मिळालेल्या संस्कारांचा अर्थ उमजून घेण्याचा. या साऱ्या प्रवासात एक अनुभवी श्रद्धावंत त्याच्या सोबत असतो. अन्य पंथात वैध बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीला मात्र पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. ती श्रद्धेची जाहीर कबुली देऊन प्रवेश करते.

इतका विलंब कशासाठी? चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रौढाने आपली इच्छा स्वतः प्रकट केली पाहिजे, आणि श्रद्धेसाठी कोणावरही बळजबरी करता येत नाही. आपल्या संविधानाचे पंचविसावे कलमही सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची ग्वाही देते. धर्मांतरापूर्वी सरकारी अधिकाऱ्यास सूचना द्यावी, असा काही राज्यांचा कायदा आहे. पण अर्जावरील सही खरी की खोटी एवढेच कचेरीला पाहता येते. मनातील होकार खरा आहे की नाही, हे ज्याचे त्यालाच कळते. तो होकार पारखण्यास, आणि वाटल्यास परत फिरण्यास, दीक्षार्थीला अवधी मिळावा, म्हणूनच हा उंबरठा इतका रुंद ठेवलेला आहे.