धूर निघाला म्हणजे बंदूक जोरदार नव्हे

जुनी स्प्रिंगची एअर रायफल विकणारा माणूस बहुधा एकच प्रयोग करून दाखवतो. नळी बिजागरीशी खाली दुमडून छर्रा घालतो आणि फळीवर मारतो. कडाड आवाज, नळीच्या तोंडाशी निळसर धूर, आणि वर, "बघा, अजून काय जोर आहे!" खरं तर त्या धुराने बंदुकीचं दुखणं चारचौघांत सांगितलेलं असतं. चाप ओढला की पिस्टन पुढची हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती भयंकर तापते. तिथे तेल साचलेलं असेल तर ते पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. छर्रा वेगाने जातो खरा, पण दर वेळी निराळ्या वेगाने. आणि त्या भडक्यात वॉशर व स्प्रिंग दोन्ही मार खातात.

म्हणूनच "तेलपाणी भरपूर केलंय" हे ऐकून खूश होऊ नये. पिस्टनचा वॉशर चामड्याचा असेल तर त्याला अधूनमधून तेलाचा थेंब लागतो. प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचा असेल तर तोही नको.

"कपाटातच होती, वापरलीच नाही" हा तर सर्वांत गोड गैरसमज. १९७० च्या दशकातल्या नामांकित जर्मन स्पर्धा-रायफलींचे, उदाहरणार्थ डायना ७५ चे, मूळ कृत्रिम वॉशर न वापरताही नुसत्या वयाने कुजतात आणि भुगा होऊन बाहेर येतात. वरून लाकडाला आरशासारखी चकाकी, आत चुरा. उलट महिन्यातून चारदा चालवलेली, दस्त्याला घामाचे डाग पडलेली बंदूक बरी निघू शकते.

मात्र वॉशर आणि स्प्रिंग या झिजायच्याच वस्तू आहेत. त्या बदलता येतात, त्यामुळे स्प्रिंग ढिली आहे म्हणून सौदा मोडण्याचं कारण नाही. किंमत पाडायला ते पुरेसं आहे. पैसे बुडतात ते नळीत. नळी उघडी असताना कोणी चाप ओढला तर ती फाडकन वर येऊन आदळते आणि किंचित वर वाकते. नळीच्या कडेवर बाजूने डोळा लावला की हा बाक दिसतो. नळी मिटल्यावर बिजागरीशी हलते का, स्क्रूपाशी दस्ता चिरलाय का, हेही पाहावं. मी तर आधी स्क्रूंच्या खाचा पाहतो. त्या कुरतडलेल्या असल्या की ओळखावं, कोणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने आतलं कुतूहल शमवलंय. दाबून बसवलेली स्प्रिंग बाहेर काढायला शिकंजा लागतो, हे त्याला स्प्रिंग तोंडावर आल्यावर कळलं असेल.

हवा गळते का, याचीही सोपी युक्ती आहे. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून छर्रा मारावा. पट्टी उडाली तर तिथला सील गेलाय. छर्रा हवाच, दुकानात रिकामी बंदूक "टक्" करून पाहायची सवय घातक आहे. छर्ऱ्याच्या अडथळ्यामुळे पिस्टनपुढे हवेची गादी तयार होते. तो नसेल तर पिस्टन थेट लोखंडावर आपटतो.

नावावरही जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव, दोन्ही ब्रिटनमध्ये गेली आणि स्कॉटलंडमधली मिलब्रो कंपनी 'डायना' विकू लागली. अस्सल जर्मन बंदुका मात्र ब्रिटनच्या बाजारात 'ओरिजिनल' या नावाने आल्या. आपल्याकडे तर सिमेंटचे पाइप करणाऱ्या इंडियन ह्यूम पाइपनेही एअर रायफली बनवल्या. म्हणजे छाप वाचून तर्क लढवण्यापेक्षा नळी पाहिलेली बरी.

"एअरगनला परवाना लागत नाही" हे अर्धसत्य आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, याहून जास्त असेल किंवा ऊर्जा २० जूलच्या वर असेल तर परवाना लागतो. जुनी ५.५ मिलिमीटरची बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी ही गोष्ट विसरू नये. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा साधारण १०.६ जूल होते. २० जूलसाठी तोच सुमारे २७५ मीटर वेगाने जायला हवा. आणि परवाना लागत नाही म्हणून होले, साळुंक्या टिपायला मोकळीक मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटी कागदावर मारून पाहा आणि नेम चुकला म्हणून लगेच बंदुकीला दोष देऊ नका. चाप ओढताच स्प्रिंगची बंदूक आधी मागे जाते, मग पिस्टन थांबताना पुढे, आणि हे सारं छर्रा नळीतून सुटण्याच्या सुमारास चालतं. घट्ट आवळून धरली की दर वेळी निराळी उसळते. डाव्या तळव्यावर नुसती टेकवून, खांद्याला हलकी लावून दहा मीटरवरून दहा छर्रे मारा. भोकं एकत्र पडली की झालं. ती कागदाच्या कोपऱ्यात असली तरी चालतील, तेवढं साइट फिरवून मधे आणता येतं.