बेडकुळी फुगते तेव्हा

उजवा हात कोपरात वाकवून मूठ घट्ट आवळा आणि दंडावर डावा हात ठेवा. बेडकुळी हाताला लागेल. दंडातला स्नायू आखूड व जाड झाला, हे उघडच आहे. पण त्याच्या आत नेमके काय आखूड झाले?

स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा. एकेका तंतूची जाडी १० ते १०० मायक्रॉन असते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्रत्येक तंतूत शेकडो सूक्ष्म तंतुके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर एकाआड एक गडद व फिके आडवे पट्टे दिसतात. फिक्या पट्ट्याच्या मधोमध एक रेघ असते. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा तुकडा म्हणजे ‘सार्कोमिअर’. त्याची लांबी सुमारे अडीच मायक्रॉन. म्हणजे एका सेंटिमीटरात असे ४,००० तुकडे! प्रत्येक तुकडा अवघा अर्धा मायक्रॉन आखूड झाला, तरी सेंटिमीटरमागे २ मिलिमीटर कमी होतात.

स्नायूतील प्रथिनांचे धागेच आकसत असावेत, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के यांचा, बेडकाच्या जिवंत स्नायुतंतूंवरचा; दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायूवरचा. (दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत!) दोघांनाही तेच दिसले : आकुंचनात फिका पट्टा अरुंद होतो, गडद पट्ट्याची रुंदी मात्र बदलत नाही.

याचा अर्थ काय? दोन्ही हातांची बोटे एकमेकांत थोडी गुंतवा आणि हात जवळ सरकवा. मनगटांतले अंतर कमी झाले, पण बोटे होती तेवढीच राहिली. गडद पट्ट्यात मायोसिनचे जाड धागे असतात. त्यांच्यामधून अॅक्टिनचे पातळ धागे आत सरकतात.

त्यांना ओढते कोण? मायोसिनच्या धाग्यांना असंख्य डोकी असतात. मज्जातंतूचा संदेश आला, की तंतूत कॅल्शियम सुटते आणि अॅक्टिनवरील जागा मोकळ्या होतात. डोके तेथे पकड घेते, ओढते, सोडते, पुढे पुन्हा पकडते; रस्सीखेचीत आपण दोर ओढतो तसेच. ओढायला ऊर्जा लागते हे कोणालाही पटेल. मौज अशी, की पकड सोडायलाही एटीपी हा ऊर्जा पुरवणारा पदार्थच लागतो. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरते ते यामुळेच : एटीपी संपलेला असतो आणि डोकी पकडलेल्या जागीच अडकून राहतात. पुढे प्रथिनेच विघटित होऊ लागली, की तो ताठरपणा जातो.