दहावीनंतर : भाग ६ – समाजशास्त्र, गाळ्यांच्या गावात

मागच्या आठवड्यात अर्थशास्त्र झालं, आता त्याचं सख्खं भावंड. अकरावीला समाजशास्त्र घेणारे बरेच जण ‘पाठ केलं की मार्क पडतात’ म्हणून घेतात. पाठ करून मार्क पडतातही. पण मग विषय घेतला काय नि न घेतला काय!

भिवंडी तालुक्यातलं वळ बघा. जिथे भाताची खाचरं होती तिथे गोदामांचे गाळे आहेत आणि रस्त्यावर कंटेनर. ‘सामाजिक परिवर्तन’ हा अकरावीच्या पुस्तकातला धडा इथे दारातच उभा आहे. गाळ्याचं भाडं घरात कोणाच्या हातात पडतं? बहिणीला वाटा मिळतो, की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते? ट्रक रिकामा करणारा हमाल कुठून आला, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याखाली त्याची नोंद आहे का? हळदीच्या रात्रीचा खर्च कोणाच्या चढाओढीने फुगतो? कुटुंब, स्तरीकरण, स्थलांतर हे सगळं यात आलं. वीस मार्कांच्या अंतर्गत कामासाठी नेटवरून प्रकल्प उतरवण्यापेक्षा यातला एकच प्रश्न घेऊन दहा घरं फिरावं. लोक आधी ‘तुला कशाला पायजे?’ म्हणतील, मग चहा देऊन तासभर बोलतील.

आपल्याकडे हा विषय असाच वाढला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये आले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे मोजमापाची साधनं घेऊन गावोगाव हिंडल्या. नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा.

आता पोटापाण्याचं. नुसत्या बीएवर नोकरी दारात येत नाही, हे आईबापांनाही स्पष्ट सांगावं. पुढे एमएसडब्ल्यू करता येतं. त्यासाठी मुंबईतच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन आहेत, प्रवेशाला मात्र चुरस. एमए करून नेट-सेट दिली तर प्राध्यापकी, पण त्या जागा निघायची वाट पाहण्यात वर्षं जातात. सर्वेक्षण संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, पत्रकारिता, वकिली या वाटा आहेतच. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय म्हणून घेतात.

वर्दीतही तो लागतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शेजारी एकमेकांशी कधी बोलतात आणि कधी बोलणं थांबवतात, हे त्या समित्यांना ठाऊक होतं.

विज्ञान किंवा वाणिज्य घेऊन बसलेल्यांनी हळहळू नये. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून बीएला येता येतं. पुढच्या भागात मानसशास्त्र.